परत येतो — एझ्रा

शनिवारी दुपारी एझ्राच्या घरून फोन आला आणि मी चरकलेच. शनिवारी अंधार पडेपर्यंत त्या घरातून कधी फोन होत नसे. पलीकडून त्याची बायको सिपोरा एवढंच म्हणाली, "वसुधा, हे गेले गं..."

बेलापूरच्या नोकरीत आमची ओळख झाली. एझ्रा पनवेलचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. बहिणी केव्हाच इस्रायलला गेल्या, हा मात्र गेला नाही. "तिकडे मराठीत भांडायचं कुणाशी?" म्हणायचा. भांडायला मी होतेच. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर मोबाइलवर वाचता यावा, असं एक फुकट सॉफ्टवेअर आम्ही दोघांनी सुरू केलं. त्याचा कोड सगळ्यांना खुला, कुणीही सुधारणा पाठवावी. नियम एकच, तोही एझ्राचा. कोड बदललात की वर माणसांसाठी, कॉम्प्युटर सोडून देतो अशी, कॉमेंटची एक ओळ लिहायची, आणि शेवटी आपलं नाव. "काय बदललं ते दिसतंच, का बदललं ते लिहा," हे त्याचं पालुपद. नवी मुलं हसायची. बदलांचा इतिहास आपोआप जपला जातो, मग कोडमध्ये नावं कशाला? मीही तेच म्हणत वाद घालायचे. तो म्हणायचा, "इतिहास असतो गं, पण तो शोधायला जावं लागतं. घरात पाऊल टाकल्याबरोबर माणूस दिसायला नको?" त्याच्या हट्टापुढे कुणाचं काय चालणार!

शुक्रवारी सूर्य कलला की तो शब्बाथसाठी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, कॉम्प्युटर बंद करायचा, मग काम कितीही अर्धवट असो. उठताना कोडमध्ये त्या जागी लिहून ठेवायचा, 'परत येतो — एझ्रा'. ही ओळ ज्याने लिहिली त्यानेच काढायची, असा आमचा अलिखित करार. शनिवारी संध्याकाळी तो गच्चीत जाऊन शब्बाथ संपल्याची खूण म्हणून तीन चांदण्या शोधायचा आणि मला करंजाड्याच्या घरी फोन लावायचा. "दिसल्या! चल, बसूया." पावसाळ्यात कुरकुरायचा, "ढगच ढग. आज घड्याळावर भागवतोय."

त्या शुक्रवारीही ओळ लिहून तो उठला होता...

परवा नागपूरच्या मृणालने, आमच्या एका नव्या सहकारी मुलीने, त्या ओळीखालचं काम पुरं करून पाठवलं. सुरेख केलंय, त्यालाही आवडलं असतं. सोबत विचारलं होतं, "ताई, वरच्या ओळीला मी हात लावला नाही. ती सरांनीच काढायची ना? आता तुम्ही काढाल का?"

मी तिचं काम स्वीकारलं. ओळीवर कर्सर नेला, पण पुसवेना. फार आठवण येते रे, एझ्रा. तुझ्याशी भांडल्याशिवाय शनिवार सरत नाही. काल शनिवारी संध्याकाळी गच्चीत गेले, तीन चांदण्या दिसेपर्यंत उभी राहिले, आणि खाली येऊन त्याच्याच नियमाने त्याच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली.

'वरची ओळ काढलेली नाही. कारण, वाट बघतेय. — वसुधा'