कॉलेजं काढणाऱ्याची बायको

लव्हिनानं पाद्र्याशी लग्न केलं तेव्हा तिला वाटलं होतं, एक चर्च असेल, एक घर आणि मागे सफरचंदाची झाडं. पण असाहेल पेकला चर्च पुरत नसे. अमेरिकेतली वस्ती पश्चिमेला सरकली की तिच्या मागोमाग त्याला कॉलेज हवं असे. माळावरच्या पोरांना बायबलही कळावं आणि लॅटिनही, हा त्याचा ध्यास. ओहायोत त्यानं एक कॉलेज काढलं. ते जरा उभं राहतंय तोच तो इलिनॉयला निघाला. तिथलं दोन हिवाळ्यांत बंद पडलं. लव्हिनानं दोन्हीकडे सारखीच धुणी धुतली, आणि दोन्हीकडे एकेक मूल पुरलं.

मग आयोवा. तिथे सुरुवातीचे वर्ग तिच्याच स्वयंपाकघरात भरले. मुलं लॅटिन घोकत, ती मक्याचा पाव भाजत असे. ते शब्द तिच्या डोक्यात घोळत राहत. अर्थ विचारायला उसंत नसे. पुढे विटांची इमारत झाली, मुलींनाही प्रवेश मिळू लागला, आणि त्याच वसंतात असाहेल घरात येरझारा घालू लागला.

“आता कुठे?” तिनं विचारलं.

“नेब्रास्का. तिथे अजून काहीच नाही गं.”

“काही नसलं की तुम्हाला बरं वाटतं. काही झालं की चैन पडत नाही.”

“देवाचं काम आहे, लव्हिना.”

“असेल. तुम्ही जा. मी नाही येत.”

“इथे एकटी काय करणार?”

“शिकणार.”

तो हसला. ती हसली नाही.

तो गेला, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी लव्हिना मुलींच्या बाकावर जाऊन बसली. पोरी ‘आजीबाई’ म्हणून कुजबुजत. चर्चमधल्या बायका तिच्या शेजारची जागा मोकळी सोडत. व्याकरण पाठ करता करता मध्येच तिला वाटे, तिकडे ते उपाशी असतील, आपण पाप करतोय. मग ती उठे, दारापर्यंत जाई, परत येऊन बसे.

तिसऱ्या वर्षी असाहेल परतला, खंगलेला. तिकडचं पीक टोळांनी खाल्लं होतं.

“कॉलेज बंद पडलं?”

“नाही. मुलं आहेत. शिकवायला माणूस नाही.” त्यानं टेबलावरचं तिचं लॅटिनचं पुस्तक उघडलं. “हे येतं तुला?”

“येतं.”

चल, असं तो म्हणाला नाही. आठवडाभर वाट पाहून तीच म्हणाली, “परीक्षा झाली की निघू. स्वयंपाकाला मात्र बाई ठेवा.”

नेब्रास्कात मातीच्या भिंतींच्या खोलीत ती शिकवू लागली. असाहेल दुसऱ्या हिवाळ्यात वारला. कॉलेज राहिलं, वाढलं. पक्की इमारत झाली तेव्हा लव्हिनाचे केस पांढरे झाले होते. समारंभाला डाकोटातल्या नव्या वस्तीतून एक पाद्री आला होता. भाषणं चालू असतानाच तिनं त्याला बाजूला घेतलं. तिथे शाळा आहे का, पाणी कुठून आणतात, सगळं विचारलं. जावं असं तिला फार वाटलं. गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही.