बाळंतिणीच्या खोलीतला पळणारा

पळणाऱ्या माणसाचं मला कौतुक नाही. कुणाच्या पोराने शर्यत जिंकली असं कानावर आलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याच्यासाठी घरातल्या कुणाचं काय काढून घेतलं असेल? स्वभाव खवट म्हणा हवं तर. पण तो मला जन्मतः नव्हता, माझ्या पहिल्या बाळंतपणात लागला.

माहेर अमरावतीचं. राजापेठेच्या पलीकडे आमचा भाजीचा मळा होता. लग्न होऊन मी अकोल्याला गेले आणि पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे माहेरी आले. बाळंतिणीची खोली म्हणजे काय, हे आताच्या पोरींना सांगावं लागतं. खिडकीला गोणपाट, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. आणि रोज अंगाला तेल चोळून झालं की कडुनिंबाचा पाला घातलेलं कढत पाणी, चांगलं गंगाळभर. माय ते तांब्या-तांब्याने माझ्या पाठीवर ओतायची. कळायला लागल्यापासून मी दुसऱ्यांसाठी पाणी तापवत आले होते. कुणी माझ्यासाठी तापवावं आणि मी नुसतं बसून घ्यावं, हे आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा घडलं. सव्वा महिना ते सुख माझं होतं. मी एकेक दिवस मोजत होते, संपू नयेत म्हणून.

माझा धाकटा भाऊ तेव्हा विशीतला. पळण्यात तरबेज आणि मळ्यातल्या कामातही तितकाच पळपुटा. बडनेऱ्याला जाऊन परत यायची मोठी शर्यत जाहीर झाली होती. पहिल्या येणाऱ्याला पोलिसात घेतील असं बाबांनी कुठेतरी ऐकलं, आणि तेवढ्यावर त्यांनी मनातल्या मनात पोराला जमादारही करून टाकलं. अशात न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातले पळणारे म्हणे लाकडाच्या तापवलेल्या खोलीत बसून घाम काढतात, त्याने दम वाढतो. झालं, बाबांच्या डोक्यात भूत शिरलं. तशी खोली आमच्या घरात तयारच होती.

पहिले दहा दिवस विटाळ, म्हणून माझ्या दारात कुणी फिरकलं नव्हतं. बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाबा दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, तू जराशी ओसरीवर बस. पोट्ट्याले आत बसू दे."

मला थट्टाच वाटली. "काहून? तो बाळंत झाला काय?"

"तोंड नोको चालवू. त्याच्या नोकरीचा सवाल हाय. तुले आता काय धाड भरली? चांगली तं दिसून राहिली."

मी मायकडे पाहिलं. बाळंतिणीला वारा लागू देऊ नये असं दिवसातून चारदा बजावणारी माझी माय. ती खाली बघत म्हणाली, "जाऊ दे वं. वीस दिसाची तं गोठ हाय." मी तान्ह्याला फडक्यात गुंडाळलं आणि ओसरीवर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी बाबांनी त्याला पळायच्या आधी खोलीत बसवलं. घामाघूम होऊन तो बाहेर आला, धावत सुटला आणि विहिरीपर्यंत जाऊन चक्कर येऊन पडला. मी हसले. चांगली मोठ्याने हसले. पण बाबा हार मानणारे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आधी पळणं, मग खोली, मग लगेच गंगाळातलं कढत पाणी, असा क्रम त्यांनी ठरवला. सरपणाच्या पऱ्हाटीचा ढीग तळाला गेला होता आणि मायला हात दोनच, म्हणून दुसरं गंगाळ कधी तापलं नाही. त्याचं उरलेलं, गार पाणी घालून वाढवलेलं, ते माझं. वर हा गडी लालबुंद होऊन बाहेर यायचा आणि मला सांगायचा, "लय मस्त वाटते, बाई!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मस्त वाटतं हे मला ठाऊक नव्हतं की काय?

एक दिवस मी आतून कडी घातली. बाबांनी दार बडवलं, नाही नाही ते बोलले, मी उघडलं नाही. मग माय बाहेर रडायला लागली, तेव्हा उघडलं. माझं बंड तेवढंच.

शर्यत चैत्रात, पहाटे व्हायची होती. बक्षीस देणारा साहेब उशिरा उठला म्हणून सगळे पळणारे दहा वाजता, डोक्यावर ऊन घेऊन निघाले. परतीच्या वाटेवर एकेक जण निंबाच्या सावलीला बसत गेला. आमचा बसला नाही. तो पहिला आला. मला तो हरायला हवा होता. सख्ख्या भावाबद्दल असं लिहिताना आजही लाज वाटत नाही.

बाबा सगळ्या राजापेठेत सांगत फिरले, "पाहा, गरम पान्यानं जिकला पोट्टा!" मी म्हटलं, साहेब वेळेवर उठला असता तर कळलं असतं. भावाला एकटा गाठून खरं काय ते विचारलं. तो म्हणाला, "खरंच, बाई. ऊन लागलंच नाही. रोज तं त्याच्याहून जास्त तापत होतो." म्हणजे उपाय लागू पडला होता. ते ऐकून मला जास्तच राग आला. निदान वाया तरी जायला हवं होतं.

पोलिसात घ्यायचं कुणी म्हटलंच नव्हतं. त्याला एक पितळी कप मिळाला आणि तो पुन्हा वांग्यांच्या वाफ्यात आला. माझी कंबर त्या वर्षापासून दुखते. त्याच्या जिंकण्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या कंबरेचं कारण कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला बाबा बैलांची दमणी घेऊन मला न्यायला आले. मी गेले नाही. अकोल्यात, जठारपेठेतल्या सासरीच बाळंत झाले. सासूशी माझा उभा दावा होता, तिने मला कधी गोड शब्द दिला नाही आणि मीही तिला दिला नाही. त्या दिवशी तिने गंगाळ ओढत आणलं, तांब्या-तांब्याने सगळं माझ्या पाठीवर ओतलं. मग रिकामं गंगाळ उचलून दारात थांबली. तिचा आवाज नेहमीसारखाच तुसडा होता.

"पुरलं काय? का आनखी आनू?"

पाणी भरपूर पुरलं होतं. तरी मी म्हटलं, "आना."