शेवंतीवरचा कापूस

शेवंतीचा कडसर वास आला की नव्वदच्या दशकातलं आमचं वावर आठवतं. घरात शिकलेलं कोणी नव्हतं; पहाटे तोडलेली फुलं पंचवटीच्या बाजारात विकून मी कॉलेज गाठायचे. जागतिक साहित्यात एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर शिक्षण बंद, असं घरात ठरलं होतं. त्या विषयाच्या पुस्तकात होतं, जुन्या जपानी दरबारातल्या बायका शेवंतीवर रात्रभर कापूस ठेवत, सकाळी त्या दवाच्या कापसानं तोंड पुसत, त्यावर कविताही करत. त्यानं म्हातारपण लांब राहतं म्हणे. तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी वातींचा कापूस एका सरीतल्या फुलांवर पसरून ठेवला. पहाटे आई म्हणाली, “काय गं, फुलांना सर्दी झाली का?” मी सगळं सांगितलं, तशी तिनं गार कापूस गालांवरून फिरवला आणि वडिलांना हाक मारली, “अहो, इकडं या, तुम्हीच लय पिकलाय.” दोघं हसत तोंड पुसत बसली आणि तोडणीला उशीर झाला. परीक्षेत सरांनी विचारलं, “त्या जपानी बायकांच्या कापसाचा वास कसा येत असेल?” पुस्तकात ते नव्हतं. मी म्हणाले, “कडसर आणि ओल्या मातीसारखा, सर. आज सकाळीच आमच्या वावरात घेतलाय.” मी पास झाले, आणि पुढच्या वर्षी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले.