उपाशी बाळांचे सर

आमच्या सोनोग्राफीच्या सरांइतका दुसऱ्याच्या भुकेचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडणार नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ते रनाळ्याहून स्कूटरवर आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात यायचे, हृदयात जन्मतःच दोष असलेल्या बाळांची पोटं तपासायला. अशा काही बाळांचं रक्त फुप्फुसांकडेच जास्त पळतं, आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. त्यात घाईने दूध दिलं तर आतडं खराब होऊ शकतं, म्हणून बाळाला सलाइनवर उपाशी ठेवावं लागतं. हा उपास सरांना स्वतःचाच वाटायचा. त्यांची स्कूटर फाटकात दिसली की सिस्टर पोह्यांच्या प्लेटा ड्रॉवरमध्ये सरकवायच्या. "पोरं उपाशी, आणि तुम्ही शेंगदाणे वेचून खाता," असं ते एकदा इतक्या दुःखाने म्हणाले की त्या सिस्टरने आठवडाभर पोह्यांत शेंगदाणेच घातले नाहीत. स्वतः ते तपासणी संपेपर्यंत चहालाही शिवत नसत, बाळांच्या आयांना मात्र दटावून जेवायला बसवत. बाळाच्या पोटाला गार लागू नये म्हणून जेलची बाटली काखेत धरून फिरत. एक हात असा आखडलेला पाहून नव्या सिस्टर त्यांना खुर्ची द्यायला धावायच्या, आणि सर ती घेऊन मुकाट बसायचेही.

मी त्यांच्या हाताखाली नवीन होते. इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी आजोबा अहिराणीत बोलायचे, मी दुसऱ्याच भाषेत उत्तर द्यायचे. रिपोर्ट मी नीट लिहायचे, पण बाहेर बसलेल्या आईशी बोलायची वेळ आली की हातातली फाइल आपोआप चेहऱ्यापर्यंत वर यायची. सरांनी ते पहिल्याच दिवशी हेरलं. "मशीनले काय सांगी ऱ्हायनी? पोरनी मायले सांग."

त्या वेळी शहाद्याजवळच्या एका बाईची मुलगी वॉर्डात होती. आठ दिवसांची, पोटात अजून थेंब गेलेला नाही. बाई दर तीन तासांनी दूध काढून वाटीत आणायची आणि विचारायची, "बाबा, आज तरी पाजू का?"

सर पडद्यावर बोट ठेवत. "हाई देख. दोन ठोकामा रक्त थांबी जास. पाटनं पानी शेवटला वाफापर्यंत पोचस नही ना, तसं."

ती केळीवाल्या घरातली होती. माझ्या चार वाक्यांपेक्षा हे तिला लवकर कळलं. "मंग आखो किती दिवस?"

 सर कापसाने बाळाच्या पोटावरचं जेल उगाच सावकाश पुसत राहिले, आणि ती बाहेर गेल्यावर तिच्याशेजारी बाकड्यावर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात त्यांनी पोटावर फिरवायचा प्रोब माझ्या हातात दिला. "मना हात हालस, असा माणूस पोरना पोटवर नको," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. आता पोहे उघड खाता आले असते, तरी सिस्टर ते ड्रॉवर अर्धवट उघडूनच खात होत्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्या मुलीची पडद्यावरची लाट दोन ठोक्यांमध्येही खाली आली नाही, म्हणजे रक्त आता मध्ये थांबत नव्हतं. मी तीनदा पाहिलं. बाळांच्या डॉक्टरांनी एक मिली दूध द्यायला सांगितलं. आईला कळवायचं काम मला कुणी दिलं नव्हतं, पण मीच बाहेर गेले. माझी अहिराणी मोडकी, शब्द मागेपुढे. वाक्य पुरं व्हायच्या आत ती उठून वाटी शोधायला लागली होती. नळीतून ते एवढंसं दूध उतरेपर्यंत तिने ओठ घट्ट मिटून ठेवले होते. दूध पोटात टिकलं. ऑपरेशनसाठी मुंबईला जायचं अजून बाकी होतं.

मी सरांना फोन केला. "किती?" त्यांनी विचारलं.

"एक मिली."

तो आकडा त्यांनी स्वतःशी पुन्हा म्हटला. मग म्हणाले, "फोन तिन्हा जोडे धर."

बाळ झोपलेलं होतं, ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी फोन तिच्याजवळ धरला. पलीकडे, रनाळ्यात, कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढं अस्पष्ट ऐकू येत होतं. सरांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.