लाल थेंब लावलेला रंधा

कारखान्याच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे सूतभर म्हणत. कोणतीही वस्तू हातात दिली की तो एक डोळा मिटून ती उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, "सूतभर कमी आहे." सासरच्या दाराची चौकटसुद्धा त्याने पहिल्याच भेटीत सूतभर वाकडी ठरवली होती. ती वाकडी होतीही, पण सासऱ्यांनी ते मरेपर्यंत मनात ठेवलं.

असल्या माणसाने आता स्वतःच एक वस्तू केली होती. सुताराचा रंधा. लोखंडाच्या ठोकळ्यातून दोन वर्षं कोरून काढलेला, मुठीला गुळगुळीत लाकूड, आणि मुठीच्या बाजूला एक छोटं पितळी चाक. लाकूड जाड तासायचं की पातळ, हे हात न थांबवता नुसत्या अंगठ्याने ठरवता यावं म्हणून ते चाक. सगळी करामत त्या चाकात होती. साध्या तीन रंध्यांच्या किमतीत हा एक पडणार होता.

ओतकामवाला पन्नासपेक्षा कमी रंधे ओतायला तयार नव्हता आणि शनिवारी दुपारी दोनपर्यंत त्याला हो की नाही ते हवं होतं. हो म्हटलं तर नोकरी सोडायला लागणार. नाही म्हटलं तर उरलेली सहा वर्षं लोकांच्या वस्तूंना नावं ठेवत काढायची आणि घरी बसायचं. सुतारांना हा रंधा खरंच हवा आहे का, एवढं एकदा कळलं असतं तर सूतभर सुखाने जेवला असता.

भाची साबण आणि टूथपेस्टबद्दल लोकांची मतं गोळा करणाऱ्या ऑफिसात होती. ती म्हणाली, "मामा, तोंडावर विचारलंस तर कोणी खरं सांगणार नाही. फॉर्म दे." तिने फॉर्म करून दिला. रंधा किती आवडला, एक ते पाच. विकत घ्याल का, हो की नाही.

मग महिनाभर तो एकुलता एक रंधा सहा सुतारांकडे चार-चार दिवस फिरला. दर वेळी देण्याआधी सूतभर पात्याला धार लावायचा, चाक अगदी नेमक्या जागी आणायचा आणि त्यावर लाल रंगाचा थेंब टाकायचा. टूलरूममध्ये माप पक्कं झालं की असाच थेंब टाकतात, कोणी चुकून हलवू नये म्हणून. रंधा परत आला की तो आधी थेंब बघायचा. थेंब शाबूत असायचा. आपण लावलेलं माप कोणालाच बदलावंसं वाटलं नाही, या विचाराने त्याची छाती फुगायची.

फॉर्म आले. पाचपैकी पाच, पाचपैकी पाच, सगळ्यांचे. विकत घ्याल का, तर हो. सूतभरची झोप उडाली. एवढं आवडलं म्हणतात, मग बाजारात कधी येणार असं एकानेही फोन करून का विचारू नये? तो घरभर येरझाऱ्या घालू लागला. बायको वैतागली.

"अहो, सगळ्यांनी पैकीच्या पैकी दिले, आणि तुमचं तोंड नापास झाल्यासारखं!"

"तेच तर," तो म्हणाला. "सगळे कसे पास करतात?"

शनिवारी सकाळपासून त्याने सात वेळा घड्याळ बघितलं. एक वाजता चपला घातल्या आणि सहाव्या सुताराचं दुकान गाठलं. रंधा अजून त्याच्याकडेच होता. हा सुतार फक्त दारं करायचा आणि कामापुरतंच बोलायचा.

तो दार तासत होता, पण हातात त्याचाच जुना काळा रंधा, मुठीला चिंधी गुंडाळलेला. सूतभरचा रंधा वरच्या फळीवर स्वच्छ फडक्यात झोपला होता. 

"वापरत नाही?"

"वापरला की. पहिल्या दिवशी."

"मग फॉर्मवर पाच कसे?"

"तुम्ही एवढे उन्हातून येता मास्तर. तोंडावर तीन देऊ का?"

"द्या! पण खरं बोला."

सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. "तुमचं पातं कागदासारखी साल काढतं. ती शेवटी ठीक आहे. सुरुवातीला मला जाड तासायचं असतं, नाहीतर हे दार कधी व्हायचं?"

"अहो, त्यासाठीच तर चाक आहे!"

"त्यावर लाल सील आहे ना? विजेच्या मीटरला असतं तसं. आम्ही सगळे बोललो आपसांत. तोडलं आणि तुम्ही म्हणालात, मोडलं, मग? कोणी हातच लावला नाही."

सूतभरला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आयुष्यात एकच नवी गोष्ट केली, आणि तिलाच कुलूप घालून महिनाभर गावभर मिरवली! दीड वाजला होता. त्याने रंधा खाली काढला, खिशातल्या अणकुचीदार सळईने थेंब खरवडून टाकला आणि रंधा सुताराच्या हातात दिला. "फिरवा. हवा तसा फिरवा."

सुताराने चाक चांगलं दोनदा फिरवलं. एवढं नको, असं सूतभरच्या अगदी ओठांवर आलं, ते त्याने गिळलं. जाडजूड सालपटं पडू लागली. मग रंधा चालता चालताच सुताराचा अंगठा हलला आणि सालपटं पातळ झाली. सुतार थबकला, त्याने चाकाकडे बघितलं, पुन्हा जाड, पुन्हा पातळ. नंतर तो नुसताच तासत राहिला.

"कसा वाटतो?"

सुताराने दारावरची सालपटं हाताने झटकली आणि पुन्हा रंधा चालवला.

"दोन वाजता मला फोन करायचाय हो."

"करा की."

पात्याची धार बघावी म्हणून सूतभरने हात पुढे केला.

"हात काढा मास्तर, मध्ये येताय," सुतार मान वर न करता म्हणाला.

आपल्याच रंध्यापासून असं हाकललं जाणं सूतभरला बोचलं, आणि त्याच क्षणी आनंदही झाला. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि फोन लावला.

"पन्नास," तो म्हणाला.

"मग आजच नमुना घेऊन या," ओतकामवाला म्हणाला. "साचा घ्यायला लागेल."

सूतभरने सुताराकडे बघितलं. निम्मं दार अजून बाकी होतं.

"आज नाही जमणार," तो म्हणाला. "वापरात आहे."