कात्रीसकट अठ्ठावन्न

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये सहा खुर्च्या आहेत. पाच नंबरवर मी आणि सहा नंबरवर, खिडकीपाशी, मास्तर. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, डाव्या हातात दोन-दोन सुया घेऊन आम्ही शेजारी शेजारी बसतो. चार वर्षांत बायकोशी झालं नसेल इतकं बोलणं माझं मास्तरांशी झालं, आणि त्यातलं निम्मं भांडण होतं.

मी छापखान्यात प्रुफं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली. मास्तर कोट कापायचे, तेही चाळीस वर्षं. त्यांचं म्हणणं, छापलेली चूक पुढच्या खेपेला सुधारता येते, कापलेलं कापड सुधारत नाही. तेव्हा तुमचं काम पोरखेळ. यावर मी चिडायचो.

इथला दिवस वजनकाट्यावर सुरू होतो. मूत्रपिंडांनी काम टाकलं की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. हे जादा पाणी काढल्यावर माणसाचं जे वजन उरायला हवं, ते प्रत्येकाच्या कार्डावर लिहिलेलं असतं. त्याला ड्राय वेट म्हणतात. काटा त्याच्या वर जितका जाईल, तितकं पाणी मशीन ओढून घेतं. मास्तरांच्या कार्डावर अठ्ठावन्न होतं.

काट्यापाशी सिस्टर उभ्या असतात. बाई कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. "चपला काढा, खिसे रिकामे करा," हे त्यांचं सुप्रभात. मास्तर मुकाट्याने चष्मा, किल्ल्या, मोबाइल, मापाची टेप असं सगळं ट्रेमध्ये ठेवायचे. कात्री मात्र कमरेलाच राहायची. बारा इंची, पोलादी, सदऱ्याखाली कापडी म्यानात. उठल्यावर लावायची ती झोपताना काढायची. सामान म्हणून तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सिस्टरना ती कधी दिसली नाही. मला ठाऊक होती, कारण खुर्चीत बसलं की टोचते म्हणून ते ती काढून मांडीशेजारी सरकवायचे. पहिल्या दिवसापासून वजन कात्रीसकटच झालं होतं, त्यामुळे काही बिघडतही नव्हतं.

"तीन किलो वाढलंय! मास्तर, विहीर प्यायलात का?" हे वाक्य मी चार वर्षांत शंभरदा तरी ऐकलं असेल.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्यांनी इंचभर तोकडी कापली. दुकानात मशीनवर त्यांची सून बसते. ती गुपचूप नवं कापड घेऊन आली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मास्तर मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कात्री तिच्या हातात दिली आणि तसेच सेंटरवर आले.

त्या बुधवारी काट्यावर सिस्टर म्हणाल्या, "अरे वा! दीडच किलो? शाबास मास्तर. बघा सगळ्यांनी, असा संयम पाहिजे."

पाचही खुर्च्यांवरच्या माना वळल्या. मास्तर खाली मान घालून खुर्चीत येऊन बसले. त्यांची कमर रिकामी होती, हे मी पाहिलं. पाहूनही मला काही कळलं नाही.

पुढचे तीन आठवडे शाबासकी चालूच राहिली. मास्तर घरी धड जेवत नव्हते. अंगावरचं मांस जात होतं आणि त्या जागी पाणी येऊन बसत होतं; काट्याला त्यातला फरक कळत नाही. त्यांचा चेहरा भरलेला दिसायला लागला, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मानवलंय हं तुम्हाला." इतकं मूर्ख वाक्य मी जन्मात बोललो नसेन.

चौथ्या सोमवारी मास्तर सुनेच्या खांद्यावर भार टाकून आले. दाराच्या तीन पायऱ्यांवर दोनदा थांबले. रात्रभर बसून काढली होती, आडवं झालं की श्वास कोंडायचा. काटा साठ दाखवत होता, म्हणजे फक्त दोन किलो वाढ. सिस्टरनी त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"काटा बिघडलाय," असं म्हणून त्यांनी पाच लिटरचा पाण्याचा कॅन त्याच्यावर ठेवला. काटा बरोबर होता.

"जेवतात का हे?" त्यांनी सुनेला विचारलं.

"कुठलं काय! कात्री दिली त्या दिवसापासून दोन घास खाऊन उठतात."

"कात्री? कसली कात्री?"

सुनेने दुकानाच्या पिशवीतून कात्री काढली. सिस्टरनी ती काट्यावर ठेवली. सातशे ग्रॅम. तीन आठवडे तेवढं पाणी दर खेपेला अंगातच राहत होतं.

डॉक्टर धावत आले. ऑक्सिजन लावला, पाणी बेताबेताने काढायचं ठरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तासाभराने मास्तरांना बोलता यायला लागलं, तेव्हा सिस्टर त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत? जीव गेला असता मास्तर!"

मास्तरांनी मास्क थोडा बाजूला केला. "तुम्ही शाबास म्हणालात," ते म्हणाले. "दुकानात आता मला कुणी काही विचारत नाही. म्हटलं, इथे तरी राहू दे."

मशीनकडे वळून, दाबायची गरज नसलेली दोन बटणं सिस्टरनी दाबली. मला माझी भयंकर लाज वाटली. चार वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो, आणि या माणसाच्या कामाला मी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी नवं ड्राय वेट ठरवलं: साडेपंचावन्न. सिस्टरनी लाल शाईने त्याच्यापुढे लिहिलं, 'कात्रीशिवाय'. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि कार्ड परत दिलं. दुकानात आता खडूच्या खुणा तेवढ्या ते करतात, रेघ जरा वाकडी येते, सून ती सरळ करून कापते. जेवायला लागले आहेत, असं तिने सांगितलं.

काल सोमवार होता. मास्तर ट्रेमध्ये सगळं ठेवून काट्यावर चढले. अठ्ठावन्न किलो चारशे.

"जवळजवळ तीन किलो!" सिस्टर कडाडल्या. "मास्तर, विहीर प्यायलात का?"

मास्तरांनी चेहरा पाडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. खुर्चीत येऊन बसले, डावा हात पुढे केला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ऐकलंत ना? तीन किलो. सगळे माझेच."