गोत्राचा रकाना

मला रिकामा रकाना बघवत नाही. शाळेत हजेरीपटावर एखादा चौकोन कोरा राहिला तरी माझा जीव वरखाली होतो. त्यामुळे लेकीचा बायोडाटा मोबाईलवर भरताना ‘गोत्र’ आलं आणि मी अडले. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, “आपल्यात गोत्र कोन इचारतंय? देवक लिव, बास झालं.” पण रकाना तर समोर होता. मी ‘कश्यप’ लिहून टाकलं. गोत्र माहीत नसलं की आमच्याकडे बरेच जण हेच सांगतात. देव, दैत्य, साप, गरुड, सगळी या एकाच ऋषीची लेकरं म्हणे. एवढ्या गोतावळ्यात आमची एक पोरगी सहज खपून जाईल असं वाटलं.

साखरपुडा मुलाकडे, घाटनांदूरला होता. मुलाच्या बायोडाट्यात गोत्र लिहिलेलंच नव्हतं आणि आमचं त्यांनी वाचलं नव्हतं. लेक आणि मुलगा शेजारी पाटांवर बसले होते. वर्षभर दोघं फोनवर बोलत होते. लग्न मोडलं असतं तर लेकीनं अंथरूण धरलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. भटजींनी संकल्पासाठी गोत्र विचारलं. मुलाचे वडील म्हणाले, “कश्यप.” भटजी आमच्याकडे वळले आणि माझे हातपाय गार पडले. तेवढ्यात मुलाच्या काकांनी मोबाईल काढून आमचा बायोडाटा मोठ्यानं वाचला.

भिंतीला टेकलेली मुलाची आजी एकदम ताठ झाली. “एकाच गोतात पोरगी करायची? भाऊ-बहिनीचं लगीन लावायलात का? न्हाई जमायचं!”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर बायोडाटा खोटा ठरणार, न सांगावं तर लग्न मोडणार. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

“आजी, ते मी मनानंच लिहिलं,” मी म्हणाले. “आम्हाला आमचं गोत्र माहीत नाही.”

“मग शिक्षण बी मनानंच लिवलंय का?” काका म्हणाले.

भटजींनी सावरून घेतलं. “गोत्र माहीत नसलं की कश्यपच लावतात. त्यानं लग्न अडत नाही.”

“त्यांचं लावलेलं आसंल,” मुलाचे वडील म्हणाले. “आमचं खरं हाय.”

आजी आपल्या लेकाकडे, म्हणजे मुलाच्या वडिलांकडे, वळली. म्हणाली, “गप रं. कशाचं खरं? माज्या लग्नात तुज्या आज्याला गोत सांगता आलं न्हाई, तवा भटजीनं हेच लावलं. मी पाटावर बसलेली होते. पुढं आपलं हेच म्हनून तुमाला मीच सांगितलं.”

मुलाच्या वडिलांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. आजी भटजींना म्हणाली, “लावा दोगांला बी कश्यप. उरका.”

लेकीला कुंकू लावून आजी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात धरला; तिचा हातही माझ्याइतकाच गार होता. सगळ्यात मोठ्यानं तीच का ओरडली होती, ते मला तेव्हा कळलं.

“कुनीतरी इचारंल म्हनून उभा जलम भ्याले, बाई,” ती हळूच म्हणाली. “तुमी एका घटकंत सांगून मोकळ्या झालात.”